एमबीबीएस करून तहसीलदार झालो, त्याबद्दल विचारणाऱ्या ज्युनियर्ससाठी

इंटर्नशिप संपत आली की दरवर्षी कॉलेजच्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. बहुतेक फोन रात्री अकरानंतर, कॅज्युअल्टीतून, मागे कुणाचंतरी रडणं चालू असतं आणि सिस्टर ओरडत असतात, आणि हा इकडे मला विचारतो "सर, पीजी करू का एमपीएससी?" फोनवर नीट सांगता येत नाही कारण त्यांना हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं, आणि माझ्याकडे दोन्ही नाहीये. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी मी का आलो ते खरं सांगतो. मुलाखतीत सांगितलेलं वेगळं होतं, ते पुढे येईलच. आम्ही लातूर जिल्ह्यातले, वडील एसटीत कंडक्टर. २००९ ला सरकारी मेडिकलला नंबर लागला, साडेचार वर्षं आणि वर काही महिने, मग एक वर्ष इंटर्नशिप. पीजीच्या परीक्षेत जी रँक आली तिच्यावर मला हवं ते मेडिसिन मिळत नव्हतं, आणि जे मिळत होतं ते मला नको होतं. एवढंच कारण होतं सुरुवातीला. समाजसेवा वगैरे नंतर डोक्यात आली. तुमचंही कारण असंच असेल तर लाजू नका, पण स्वतःशी तरी कबूल करा, नाहीतर दुसऱ्या अटेम्प्टला फेल झालात की बॅचमेटचे एमडी झाल्याचे पेढे घशाखाली उतरत नाहीत.

मग बाँड. आमच्या वेळी महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर १० लाख भरायचे. आमच्याकडे १० लाख कुठले, त्यामुळे एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) वर्ष काढलं. तिथे जुलैमध्ये एका गावात जुलाबाची साथ आली, दोन दिवसांत चाळीसेक पेशंट, ओसरीवर सलाईन लावली होती. कारण सरळ होतं, पाण्याची पाईपलाईन गटारीतून गेलेली आणि फुटलेली, ओटी टेस्ट करावी तर रंगच येत नव्हता, म्हणजे पाण्यात क्लोरीन नावालाही नाही. मी ग्रामपंचायतीला तीन पत्रं दिली, प्रत्येकाची पोच घेतली, काही हललं नाही. चौथ्या दिवशी गटविकास अधिकारी आले, गाडीतून उतरता उतरता एक फोन केला आणि संध्याकाळी पाईप जोडायला माणूस हजर. मी तिथेच उभा होतो, हातात ओआरएसचा बॉक्स, आणि मनात म्हणलं हा फोन आपल्याला करता आला पाहिजे.

हा फोनचा किस्सा ऐकून पुष्कळ जण माना डोलावतात, पण त्याचा दुसरा भाग मला पाच-सहा वर्षांनी कळला, स्वतः खुर्चीत बसल्यावर, की असा फोन दहातल्या दोन वेळा चालतो. त्या दिवशी चालला कारण त्या साहेबांनी त्या ग्रामसेवकाबरोबर आधी दोन वर्षं काम केलेलं होतं आणि त्याची एक अडचण कधीतरी सोडवलेली होती. पोस्ट बघून कुणी पाईप जोडत नाही.

आता परीक्षेबद्दल. माझे यूपीएससीचे तीन अटेम्प्ट गेले, त्यातली मेन्स एकदाच दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यूपीएससी मेन्समध्ये नऊ पेपर, त्यातले भाषेचे दोन नुसते पास व्हायचे, बाकी निबंध, सामान्य अध्ययनाचे म्हणजे जीएसचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे प्रत्येकी २५० चे, म्हणजे १७५०, आणि मुलाखत २७५ ची. मी वैकल्पिक मेडिकल सायन्स घेतला, कारण वाटलं पाच वर्षं हेच तर केलंय. इथे फसलो. पहिल्या पेपरात ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीपासून पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा, फॉरेन्सिकपर्यंत सगळं, आणि दुसऱ्यात मेडिसिन, पेडियाट्रिक्स, स्किन, सर्जरी, गायनॅक, पीएसएम म्हणजे सार्वजनिक आरोग्य. म्हणजे अख्खं एमबीबीएस परत, आणि त्यातलं एक अक्षर जीएसला कामाला येत नाही. बाँडच्या वर्षात मी ताप, विंचू, साप आणि बाळंतपणं सोडून काही बघितलं नव्हतं, त्यामुळे क्रेब्स सायकल परत पहिल्यापासून. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, काढताना हात थरथरला होता पेपरात, खोटं नाही सांगत. जे फायनल इयर झाल्या झाल्या बसतात, ज्यांचं वाचन ताजं आहे, त्यांना हा विषय चांगला आहे, मधे दोन वर्षं गेली असतील तर विचार करा. पुष्कळ डॉक्टर अँथ्रोपॉलॉजी घेतात, सिलॅबस लहान आहे आणि जेनेटिक्स, उत्क्रांती वगैरे भाग आपल्याला जड जात नाही.

एक गोष्ट बऱ्याच इंटर्नना माहीत नसते, फायनल एमबीबीएस पास असाल आणि इंटर्नशिप चालू असेल तरी यूपीएससीचा फॉर्म भरता येतो, तात्पुरता प्रवेश मिळतो, पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट मुलाखतीच्या टप्प्याला द्यावं लागतं. पण इंटर्नशिपमध्ये अभ्यास होतो असं कुणी सांगितलं तर त्याचं मेडिसिन आणि गायनॅकचं पोस्टिंग कुणी केलं ते आधी विचारा.

अभ्यासात आपल्या लोकांची एक गोची होते. एमसीक्यूला आपण वाघ. पण लिहायला सांगितलं की पॉइंट काढून बाण मारतो, डेफिनिशन, कॉजेस, क्लिनिकल फीचर्स, मॅनेजमेंट. माझ्या पहिल्या निबंधाला तपासणाऱ्या मित्राने खाली लिहिलं होतं "ही केस शीट आहे". वर अक्षर डॉक्टरचं. मराठीतून लिहायचं ठरवलं तेव्हा लक्षात आलं की बारावीनंतर मराठीत एक सलग पान लिहिलेलं नाही, अग्रलेख उतरवून काढायची सवय लावली तेव्हा कुठे सहा महिन्यांनी वाक्यं सरळ यायला लागली. एमपीएससीचीही मेन्स आता वर्णनात्मक झालीये. २०२३ ला पुण्यात पोरं रस्त्यावर बसली होती ती हा बदल २०२५ पासून करा म्हणून, आणि तसंच झालं, आता तिथेही १७५० अधिक २७५. माझ्या वेळी बहुतेक ऑब्जेक्टिव्ह होती, ८०० मार्कांची, आणि सीसॅटचे, म्हणजे आकलन आणि गणित-बुद्धिमत्तेच्या पेपरचे, मार्क पूर्व परीक्षेत धरायचे, ते नुसतं पास व्हायचं झालं नंतर. म्हणजे माझ्यासारख्याला जे दोन फायदे मिळाले ते तुम्हाला नाहीत, त्यामुळे माझी बुकलिस्ट मागू नका.

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, चौघांत एक खोली, दिवसा अभ्यासिका. आठवड्यातून तीन रात्री एका हॉस्पिटलला निवासी डॉक्टर (आरएमओ) म्हणून नाईट करायचो आणि त्यात मेस, भाडं सगळं निघायचं. हा आपला मोठा आधार आहे, बाकीच्या पोरांना घरून पैसे मागवावे लागतात आणि चोवीस-पंचविशीत ते किती जड जातं ते मी खोलीत रोज बघितलंय. पण याच आधाराने माणूस लटकतोही. यूपीएससीला खुल्या गटात ३२ वय आणि सहा अटेम्प्ट, एमपीएससीला तर ३८ वय. "अजून वेळ आहे" हे वाक्य मी सदाशिव पेठेत जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा कॅज्युअल्टीत "काही होणार नाही" ऐकलं नसेल. तीन वर्षं किंवा तीन अटेम्प्ट, जे आधी होईल ते, मग परत ओपीडी, असा कागद मी लिहून आईकडे दिला होता. माझं चौथं वर्ष सुरू झालं तेव्हा आईने तो कागद काढून दाखवला आणि मी तिच्याशी भांडलो. तिचंच बरोबर होतं, मी नशिबाने सुटलो.

मुलाखत. डॉक्टरला एक प्रश्न हमखास, सरकारने तुमच्यावर एवढा खर्च केला, एक सीट अडवलीत, मग इकडे कशाला? मी पाठ केलेलं उत्तर दिलं, डॉक्टर एकेका पेशंटला बरं करतो, प्रशासनात लाखोंसाठी काम करता येतं वगैरे. समोरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पीएचसीखाली लोकसंख्या किती होती?" मी म्हणलं सपाट भागात निकष ३० हजारांचा, आमच्याकडे जास्तच. "मग ३० हजारांचं काय केलंत वर्षभरात?" मला पाईपलाईन आठवली आणि मी ती जशी घडली तशी सांगितली, तीन पत्रांसकट. त्यानंतर मुलाखत बरी झाली. तेव्हा पाठ केलेलं उत्तर नेऊ नका, समोरचे लोक दिवसभर तेच ऐकत बसलेले असतात.

मी एमपीएससीच्या २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा. निकाल लागला जून २०२० मध्ये, ४१३ जण होतो. आणि मग नियुक्ती नाही, कारण मराठा आरक्षणाचा विषय सुप्रीम कोर्टात, ९ सप्टेंबरला स्थगिती आली आणि पुढचं सगळं अडकलं, ५ मे २०२१ ला कोर्टाचा निकाल आला तोवर आम्ही नुसते यादीत. गावात सत्कार झालेले, बॅनर लागून फाटलेले, आणि हातात ऑर्डर नाही. बाकीच्या पोरांचे फार हाल झाले, काही जण परत शेतात गेले. मी कोविड केअर सेंटरला कंत्राटी मेडिकल ऑफिसर म्हणून लागलो. दुसऱ्या लाटेत एप्रिलमध्ये रेमडेसिव्हिरची यादी रोज कलेक्टर ऑफिसला जायची आणि तिथून वाटप यायचं, मागितले चाळीस की आठ यायचे. मी यादी पाठवणारा. वाटणाऱ्यांना मनसोक्त शिव्या दिल्यात मी त्या महिन्यात. तिकडे नंदुरबारला कलेक्टर होते डॉ. राजेंद्र भारूड, आपल्यातलेच, केईएमच्या कॉलेजातून एमबीबीएस, त्यांनी पहिली लाट ओसरल्यावर सगळे निवांत झाले तेव्हा ऑक्सिजन प्लांट उभे करून घेतले होते, ते दुसऱ्या लाटेत उपयोगी पडले. श्वास म्हणजे काय हे ज्याने वॉर्डात बघितलंय त्याला ते सुचलं असणार, असा माझा अंदाज.

भारूडांचे, काश्मीरमधून यूपीएससीत पहिले आलेले डॉक्टर शाह फैसल यांचे, आपल्या नागपूरच्या श्रीकांत जिचकारांचे किस्से सगळ्यांनी ऐकलेले असतात. जिचकार एमबीबीएस, एमडी, मग आयपीएस, मग आयएएस, मग तेही सोडून आमदार. ऐकायला भारी, पण त्यावरून स्वतःचं करिअर ठरवू नका, हजारातला एक किस्सा म्हणजे आपल्या भाषेत केस रिपोर्ट, तेवढ्यावर ट्रीटमेंट कुणी ठरवत नाही.

पगाराचं विचारतात सगळे. मेडिकल ऑफिसर गट-अ, उपजिल्हाधिकारी, आयएएस, तिघांचंही मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू. मेडिकल ऑफिसरला वर व्यवसायरोध भत्ता, खासगी प्रॅक्टिस करायची नाही म्हणून मिळणारा. म्हणजे पैशासाठी येत असाल तर उलटा हिशोब आहे.

ट्रेनिंगमध्ये तलाठ्याकडे बसवतात. मी पहिल्या दिवशी सातबारा हातात घेतला आणि इसीजी पहिल्यांदा बघताना जसं झालं होतं तसं झालं, रेघा दिसतात, अर्थ नाही. गाव नमुना सात म्हणजे कुणाचा हक्क, बारा म्हणजे पीक, फेरफार नमुना सहाला, खातं आठ-अ ला. ज्या तलाठी आप्पांकडे होतो ते रिटायरमेंटला आलेले, त्यांनी पंधरा दिवस मला फक्त फेरफार वाचायला लावले, "साहेब, आधी घराणं वाचायला शिका मग सही करा." इतका चांगला शिक्षक मला मेडिकलला मिळाला नाही.

डॉक्टरकीतलं नक्की काय कामाला येतं, तर हिस्ट्री. बाकी सगळं विसरा. तहसीलबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांच्या अर्जात माणसाचं दुखणं नसतंच, त्यांना पाठ असलेला मजकूर असतो, म्हणजे रेफरल चिठ्ठीच. एक आजी आल्या श्रावणबाळ योजनेसाठी, त्याला ६५ वय पाहिजे, आणि कागद एकही नाही, आधारवर कुणीतरी १ जानेवारी टाकून वय आठ वर्षांनी कमी केलेलं. बाबू म्हणाला वयाचा दाखला सरकारी दवाखान्यातून आणा. मला आतून कसंतरी झालं कारण ग्रामीण रुग्णालयात डेप्युटेशनवर असताना असे दाखले मीच दिलेत, दात आणि केस बघून, अर्ध्या मिनिटात. आजींना खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि बाळंतपणाची हिस्ट्री घेतली जशी गायनॅकला घ्यायचो तशी. किती लेकरं, पहिलं कधी? म्हणाल्या "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचे तवा थोरला कडेवर हुता, दुसरा पोटात." आता करा हिशोब. थोरल्याच्या शाळेचा दाखला मागवला, त्यावरची जन्मतारीख जुळली, आणि मग दवाखान्याला पत्र दिलं की हे कागद बघून वय ठरवा. दोन महिने लागले, पण झालं.

आणि काय सोडावं लागतं, तर ऑर्डर देऊन विसरायची सवय. वॉर्डात तुम्ही शीटवर लिहिलं की पाच मिनिटांत इंजेक्शन जातं. इथे लिहिलेलं पाच महिने कागदावरच राहतं. माझी पहिली रस्ता केस, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, एकाने दुसऱ्याचा शेतात जायचा रस्ता अडवलेला. मी स्वतः जागेवर गेलो, पंचनामा केला, दोघांचं ऐकलं, रस्ता मोकळा करून द्या असा छान ऑर्डर लिहिला, चार पानी, मला अजून आवडतो तो. मंडळ अधिकाऱ्याने पोलीस घेऊन रस्ता मोकळा केला, आठव्या दिवशी समोरच्याने परत नांगरला. परत मोकळा केला, तर तो प्रांतांकडे रिव्हिजनमध्ये गेला आणि स्टे घेऊन आला. आणि पेरणी तोंडावर. शेवटी तो रस्ता मोकळा झाला ते त्या दोघांच्या एका सामाईक पाहुण्यामुळे, बांधावर बसून, माझा ऑर्डर कुणाच्याच खिशात नव्हता. माझा अव्वल कारकून मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता की साहेब, पाहुणा शोधा. मी तेव्हा हसलो होतो.

आता एक गोष्ट जी मी सहसा सांगत नाही. इंटर्न असताना बर्न्स वॉर्डला होतो, रात्री दोनला एक नायब तहसीलदार आले मृत्युपूर्व जबाब घ्यायला, चपला बाहेर काढून, काखेत फाईल. आम्ही फक्त "शुद्धीवर आहे, जबाब देण्यास सक्षम आहे" असं लिहून वेळ टाकून सही करायची. मी न तपासताच सही करत होतो, ते म्हणाले "डॉक्टर, आधी बोला तिच्याशी." राग आला होता मला, हा कारकून माणूस मला शिकवतो.

आठ वर्षांनी तसाच वॉर्ड, तसाच वास, नायब रजेवर म्हणून मी गेलेलो. समोर इंटर्न मुलगी, झोपेने डोळे लाल, माझ्या हातात कागद दिला, सही आधीच केलेली. टेबलावर शीट होतं, मी सवयीने बघितलं, वीस मिनिटांपूर्वी मिडॅझोलम, म्हणजे गुंगीचं इंजेक्शन, गेलेलं. पेशंटला नाव विचारलं तर माहेरचं नाव सांगितलं, गाव विचारलं तर परत नाव. मला दिसत होतं की ही आत्ता जबाब द्यायच्या स्थितीत नाहीये. पण मी तिथे डॉक्टर नव्हतो, कार्यकारी दंडाधिकारी होतो, मेडिकल मत मी लिहू शकत नाही. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हणलंय की डॉक्टरचं सर्टिफिकेट नसलं तरी जबाब घेणाऱ्याची स्वतःची खात्री पटली पाहिजे. माझी पटत नव्हती. आणि थांबलो तर ती जाईल, हेही मला माझ्या त्या दुसऱ्या नजरेने दिसत होतं, बर्न्स किती टक्के आहेत ते कुणी सांगायची गरज नव्हती. मी त्या मुलीला म्हणलं, "डॉक्टर, सिनियरना बोलवा, परत तपासा आणि आत्ताची वेळ टाका." तिच्या चेहऱ्यावर तोच राग, मी ओळखला. पन्नास मिनिटं गेली. मी व्हरांड्यात, नातेवाईकांकडे न बघता. मग परत तपासून त्यांनी लिहून दिलं, सगळ्यांना बाहेर काढलं, आधी सकाळी काय जेवलीस, घरात कोण कोण, असं विचारत विचारत जबाब घेतला, तिच्या शब्दात, वाचून दाखवला. हात पूर्ण भाजलेले होते, पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. परत येताना ड्रायव्हरने विचारलं साहेब चहा घेऊ का, मी काही बोललोच नाही म्हणे.

असो. व्यवहाराचं एक राहिलं, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मरू देऊ नका, दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं, त्याला ३० क्रेडिट अवर्स लागतात, रविवारी एखादी कॉन्फरन्स गाठून होतं. प्रॅक्टिस करता येत नाही, वर्तणूक नियम आहेत. तरी लोक सातबाऱ्याच्या मागे साखरेचा रिपोर्ट लावून आणतात, मी बघतो आणि पीएचसीला पाठवतो, तिथल्या मॅडम माझ्यावर वैतागल्यात की तहसीलमधून ओपीडी वाढली म्हणून.

फोन करायचाच असेल तर सकाळी आठच्या आत करा. आचारसंहिता लागली असेल तर महिनाभर करूच नका, तेव्हा मी उचलत नाही, घरच्यांचाही नाही.